गावात डिस्टोपियन विज्ञानपट दाखवून चर्चा कशी घडवावी

डिस्टोपियन विज्ञानपट, म्हणजे अन्यायाने भरलेल्या भयावह समाजाचे चित्र रंगवणारे विज्ञानपट, भविष्याचे भाकीत करतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात त्यांचे लेखक आणि दिग्दर्शक भविष्य क्वचितच शोधून काढतात. समाजातील एका गटाच्या वाट्याला आज आलेले जगणे ते उचलतात आणि ज्यांच्यावर अशी वेळ कधी येईल असे प्रेक्षकाला वाटत नाही अशा माणसांवर ते लादतात. तेवढ्याने तेच जगणे असह्य दिसू लागते. म्हणून विदर्भातील एखाद्या गावात असा चित्रपट दाखवून त्यावर बोलायचे असेल, तर ‘असे कधी होईल का’ या प्रश्नाने सुरुवात करू नये. ‘यातले काय आज घडते आहे आणि ते कोणाच्या बाबतीत’ हा प्रश्न शेवटपर्यंत हातात ठेवावा. पुढील सूचना वाचनालय, अभ्यासिका, शाळा किंवा युवक मंडळ चालवणाऱ्यांसाठी आहेत.

चित्रपटाची निवड

निवड करताना चित्रपटाची कीर्ती न पाहता गावाचा प्रश्न पाहावा. ज्या गावात कर्ज हा रोजचा विषय आहे, तिथे अँड्र्यू निकोल यांचा ‘इन टाइम’ (२०११) घ्यावा. समीक्षकांनी त्याला फार मोठा मानलेला नाही आणि त्याचा उत्तरार्ध खरोखरच पाठलागात वाया जातो, पण त्याची मूळ कल्पना कापसाच्या पट्ट्यातील माणसाला समजावून सांगावी लागत नाही. त्या जगात पैसा नाही, वेळ हेच चलन आहे. पंचविसाव्या वर्षी माणसाचे वय वाढणे थांबते आणि हातावरचे घड्याळ एका वर्षापासून उलटे चालू लागते. मजुरी वेळात मिळते, कर्ज वेळात मिळते, त्यावरचे व्याजही वेळातच फेडावे लागते आणि घड्याळ शून्यावर आले की माणूस जागच्या जागी मरतो. कालपर्यंत तीन मिनिटांना मिळणारी कॉफी आज चार मिनिटांची होते. नायकाच्या आईकडे दीड तास उरलेला असताना एका तासाचे बसभाडे दोन तासांचे झालेले असते, चालक तिला बसमध्ये घेत नाही आणि ती धावत निघते. गरिबांच्या वस्तीतील दर मुद्दाम वाढवले जातात, कारण काही थोड्यांना अमर राहायचे तर बाकीच्यांनी वेळेवर मेले पाहिजे, हा चित्रपटाचा कणा आहे.

येथे चर्चा व्याजाच्या दराशी थांबू देऊ नये. कापूस पहिल्या वेच्यात घरी आला की तो खेडा खरेदीत व्यापाऱ्याला कोण विकतो आणि भाव सुधारेपर्यंत घरात भरून कोण ठेवू शकतो, हे विचारावे. ज्याच्यावर दुकानदाराची खताची उधारी आणि सावकाराचे देणे आहे, त्याला हमीभावाच्या केंद्रावर नोंदणी करून वाट पाहत बसणे परवडत नाही. ज्याच्याकडे थांबण्याची ऐपत आहे, त्याला तोच कापूस जास्त पैसे देतो. वेळ ही संपत्ती कशी असते हे चित्रपटापेक्षा या एका उदाहरणातून अधिक नेमके कळते, आणि ते उदाहरण आयोजकाने न सांगता प्रेक्षकांतून यावे.

या चित्रपटाबाबत एक सावधगिरी मात्र अपरिहार्य आहे. त्यात एक श्रीमंत माणूस आपला सगळा वेळ दुसऱ्याला देऊन स्वतः पुलावर मरण पत्करतो. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्या अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा जिल्ह्यांत असा प्रसंग भर सभेत अचानक पडद्यावर येणे योग्य नाही. ज्या घरात अशी घटना घडली आहे त्या घरच्यांना आधी भेटून कल्पना द्यावी आणि तो भाग वगळून पुढे जावे. कथेचे त्याने काही अडत नाही.

पाण्याचा प्रश्न तीव्र असेल तर ॲलेक्स रिव्हेरा यांचा ‘स्लीप डीलर’ (२००८) शोधून काढावा. या प्रकारातील बहुतेक चित्रपट महानगरात घडतात, याचा नायक मात्र मेक्सिकोतील खेड्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा आहे. गावाची नदी एका कंपनीने धरण बांधून अडवली आहे आणि आपल्याच नदीचे पाणी विकत घ्यायला बाप-लेक कॅमेरा आणि बंदूक रोखलेल्या फाटकासमोर उभे राहतात. पुढे तो मुलगा सीमेवरच्या शहरात जाऊन अंगात तारा खोचून घेतो आणि अमेरिकेतील यंत्रमानव तिथून चालवतो, म्हणजे त्याचे श्रम सीमेपलीकडे जातात आणि तो स्वतः अलीकडेच राहतो. सिंचनाच्या अनुशेषावर आयुष्यभर भाषणे ऐकलेल्या आणि अप्पर वर्धा धरणाचे पाणी औष्णिक वीज प्रकल्पाला देण्यावरून आंदोलन पाहिलेल्या अमरावती जिल्ह्यातील प्रेक्षकांना त्या फाटकाविषयी पुष्कळ बोलायचे असते. संवाद बरेचसे स्पॅनिशमध्ये आहेत, ही अडचण खरी आहे. तिचा उपाय पुढे येतो.

पूर्व विदर्भात, विशेषतः वैनगंगेच्या काठी, नील ब्लोमकँप यांचा ‘डिस्ट्रिक्ट नाइन’ (२००९) अधिक बोलका ठरेल. जोहान्सबर्गवर परग्रहवासीयांचे यान येऊन थांबते आणि त्यांना वीस वर्षांहून अधिक काळ झोपडपट्टीत कोंबून ठेवल्यावर आता शहराबाहेरच्या छावणीत हलवायचे ठरते. याची मुळे दक्षिण आफ्रिकेच्या इतिहासात आहेत. केपटाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ साली केवळ गोऱ्यांसाठी म्हणून जाहीर झाली आणि तेथून साठ हजारांहून अधिक माणसे हलवली गेली. चित्रपटात अधिकारी दारोदार जाऊन घर खाली करण्याच्या नोटिशीवर सह्या घेतो. वाचता न येणाऱ्याने रागाने कागदावर हात मारला, तर तीही सहीच धरली जाते. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरण प्रकल्पाची पायाभरणी १९८८ साली झाली. त्यात घर गेलेल्या पिढीतील एखादी व्यक्ती सभेत असेल, तर या प्रसंगानंतर पडदा थांबवावा आणि पहिले बोलणे तिचे असावे. कोणत्या कागदावर सही घेतली, तो वाचून दाखवला होता का, त्याची प्रत हाती दिली का, एवढेच तिला विचारावे.

‘द हंगर गेम्स’ (२०१२) तरुणांना आवडतो आणि त्यातील कोळशाचा बारावा जिल्हा चंद्रपूर, वणी किंवा उमरेडच्या वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) वसाहतींत सहज ओळखू येतो. शिवाय थायलंडमध्ये २०१४ साली लष्करी उठावाविरुद्ध उभ्या राहिलेल्या लोकांनी त्यातील तीन बोटांची खूण प्रत्यक्ष रस्त्यावर वापरली, ही माहिती चर्चेला उपयोगी आहे. मात्र तो पहिला चित्रपट म्हणून घेऊ नये. तरुण मंडळी त्यातला जीवघेणा खेळ कोण जिंकतो याच्याच नादात राहतात.

जागा, वेळ, भाषा

विषमतेवरील चित्रपटाला कोण आले हे पाहण्याआधी कोण येऊ शकत नाही हे पाहावे. मारुतीच्या पारावर पडदा लावला की काही वस्त्या मागे उभ्या राहतात. बुद्धविहारात लावला की दुसरी काही मंडळी घरीच राहतात. ग्रामपंचायतीच्या सभागृहात खुर्च्या आधी कोणाला मिळणार हे न बोलता ठरलेले असते. शाळेचे पटांगण त्यातल्या त्यात सोयीचे असते. तिथे खुर्च्या न मांडता सर्वांसाठी सतरंज्याच टाकाव्यात आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावर व पारध्यांच्या बेड्यावर निमंत्रण स्वतः जाऊन द्यावे. कापूस वेचणीच्या आणि धान कापणीच्या दिवसांत बायकांना रात्री डोळे उघडे ठेवणे कठीण असते. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम असतो आणि त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी-मार्चची रात्र सर्वांत चांगली. गडचिरोली-गोंदियाकडे मे महिना तेंदूपत्त्यासाठी सोडावा. वीज जाणार हे गृहीत धरून प्रोजेक्टर आणि ध्वनिवर्धक चालतील एवढ्या क्षमतेचा इन्व्हर्टर जवळ ठेवावा.

हिंदी डब मिळते का, ते आधी तपासावे. न मिळाल्यास इंग्रजी सबटायटलवर विसंबू नये, कारण त्यामुळे शिकलेले समोर आणि न शिकलेले मागे अशी विभागणी सभेतच तयार होते. आवाज कमी करून एका व्यक्तीने वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत निवेदन करावे. रात्रभर नाटक ऐकणाऱ्या प्रेक्षकाला हे मुळीच खटकत नाही. निवेदकाने चित्रपट किमान एकदा पूर्ण पाहिलेला असावा आणि स्वतःची मते मध्ये घालू नयेत.

हक्कांबाबत थोडक्यात सांगायचे तर, घरगुती ओटीटी वर्गणीत सार्वजनिक प्रदर्शनाची परवानगी नसते. ती वितरकाकडून लेखी मागावी. हे जमत नसेल तर फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) घ्यावा. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचे संरक्षण प्रदर्शनानंतर साठ वर्षे असते आणि ही मुदत केव्हाच उलटली आहे. नव्याने ध्वनिमुद्रित केलेल्या संगीतावर स्वतंत्र हक्क असू शकतात, म्हणून आवाज बंद ठेवून गावातील पेटी-तबलावाल्यांना बसवावे. मूकपट असल्यामुळे भाषेची अडचणही उरत नाही आणि मधल्या पाट्या निवेदकाने वाचल्या की पुरते.

पडदा कुठे थांबवावा

पूर्ण चित्रपट एका बैठकीत दाखवून मग चर्चा करण्याची पद्धत शहरातील फिल्म सोसायटीला ठीक आहे. गावात रात्री साडेदहानंतर चर्चा होत नाही, माणसे उठून जातात. म्हणून तीन ठिकाणी थांबण्याचे आधी ठरवावे आणि प्रत्येक थांब्यावर दहा-पंधरा मिनिटे बोलावे. थांबा नेहमी अशा प्रसंगावर असावा जिथे व्यवस्था एखाद्या वस्तूतून दिसते: दार, भाकर, घड्याळ, सही. ‘सत्ता’, ‘शोषण’, ‘व्यवस्था’ हे शब्द आयोजकाने पहिल्या तासात उच्चारूच नयेत. ते उच्चारले की सभेत भाषण सुरू होते आणि भाषण करणारी माणसे ठरलेली असतात.

बाँग जून-हो यांच्या ‘स्नोपिअर्सर’ (२०१३) मध्ये असे थांबे जागोजागी आहेत. हिमयुग झालेल्या पृथ्वीवर उरलेली माणसे एका अखंड धावणाऱ्या रेल्वेत राहतात. शेपटीच्या डब्यात गरीब, पुढे श्रीमंत आणि सर्वांत पुढे इंजिनाचा मालक अशी रचना आहे. शेपटीत खायला मिळणाऱ्या काळ्या वड्या किड्यांपासून केलेल्या असतात. मधल्या एका डब्यातील शाळेत मुले मालकाची स्तुतिगीते गातात. शिक्षकांनी हा प्रसंग जरूर निवडावा आणि आपल्या पाठ्यपुस्तकात सालदाराचे (वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचे) घर कुठे येते हे मुलांना शोधायला लावावे. चित्रपट हिंसक असल्यामुळे लहान मुलांना निवडक भागच दाखवावेत.

त्यातील सर्वांत महत्त्वाचा थांबा सुरुवातीलाच आहे. मालकाची प्रतिनिधी शेपटीतल्या माणसांसमोर एका माणसाच्या डोक्यावर जोडा ठेवते आणि सांगते की टोपीची जागा डोक्यावर असते, जोड्याची पायात, मी टोपी आहे आणि तुम्ही जोडा आहात. हेच शरीर ‘मेट्रोपोलिस’मध्ये आहे: वर राहून आखणी करणारे डोके आणि जमिनीखाली दहा आकड्यांच्या घड्याळावर दहा तासांच्या पाळ्या करणारे हात. जर्मनीतला आणि कोरियन दिग्दर्शकाचा असे सुमारे नव्वद वर्षांच्या अंतराने आलेले हे दोन चित्रपट समाजाची वाटणी शरीराच्या अवयवांतच करतात. मराठी प्रेक्षकाला ही वाटणी नवी नाही. ऋग्वेदातील पुरुषसूक्तात मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांच्यापासून चार वर्ण सांगितले आहेत आणि पायाची जागा कोणाची हे तिथे निःसंदिग्ध आहे. हा संदर्भ सभेत आणण्याचे काही आयोजक टाळतात. माझ्या मते तो टाळला तर या चित्रपटांवर विदर्भात बोलण्यात फारसे काही उरत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे आणि ती एकावर एक रचलेली आहे, हे मांडले. रेल्वेच्या डब्यांची रचना त्या मांडणीसमोर ठेवून पाहावी. प्रत्येक डब्याला मागचा डबा आहे म्हणून पुढच्या डब्याविषयीचा राग मर्यादेत राहतो, ही गोष्ट चित्रपटात सूचित होते आणि आंबेडकरांच्या लेखनात स्पष्ट सांगितलेली आहे.

गाव म्हणजे एकच डबा नव्हे

चर्चेत हमखास येणारे वळण असे की थोड्याच वेळात सर्वजण एका सुरात बोलू लागतात: आपण शेपटीत, मुंबई-पुणे पुढे. विदर्भाच्या अनुशेषाचा इतिहास पाहता यात तथ्य आहेच. यवतमाळ आणि अचलपूरला मूर्तिजापूरशी जोडणारी ‘शकुंतला’ गाडीदेखील मुळात वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेली होती. पण हे एकमत फार लवकर झाले तर आयोजकाने सावध व्हावे, कारण त्या सुरात गावातील काही आवाज बुडालेले असतात.

त्यासाठी ब्लोमकँप यांच्याच ‘एलिझियम’ (२०१३) मधील कारखान्याचा प्रसंग वापरावा. श्रीमंत अंतराळातील वसाहतीत राहतात आणि तिथे घरोघरी कोणताही आजार बरा करणारी यंत्रे आहेत. पृथ्वीवरच्या कारखान्यात दार अडकते आणि आत जाऊन ते मोकळे कर, नाहीतर काम सोड, असे मुकादम नायकाला सांगतो. किरणोत्सर्गाचा मारा झाल्यावर त्याच्या हातात गोळ्या ठेवल्या जातात, पाच दिवसांत मरशील असे सांगितले जाते आणि गोळ्या मिळाल्याची सही घेतली जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तो हंगाम गावाने पाहिलेला आहे. आधी कंपनी, कृषी विभाग, बोंडअळी यांच्याविषयी बोलणे होईल आणि ते होऊ द्यावे. त्यानंतर शांतपणे विचारावे की रोजाने फवारायला गेलेल्या मजुराला मास्क आणि हातमोजे कोणी द्यायचे होते, फवारणी दुपारच्या उन्हात करायला कोणी सांगितले आणि त्याला नकार देता आला असता का. येथे मुकादमाच्या जागी शेतमालक येतो, जो बँकेसमोर आणि व्यापाऱ्यासमोर स्वतः शेपटीच्या डब्यात असतो. एकाच माणसाची ही दोन ठिकाणे एकाच वेळी दिसणे, हे चर्चेचे सर्वांत अवघड काम आहे. ते एका बैठकीत होईलच असे नाही.

याच कारणाने पहारेकऱ्यांकडे लक्ष वेधावे. ‘इन टाइम’मधील पोलीस अधिकारी त्याच गरीब वस्तीतून आलेला असतो, त्याला रोजचा भत्ता वेळात मिळतो आणि तो घ्यायचा राहिला म्हणून तो मरतो. वनरक्षक, बँकेचा वसुली कर्मचारी, जिनिंगवरचा काटा करणारा यांच्याविषयी बोलताना हे पात्र उपयोगी पडते. कोणाला खलनायक ठरवण्याची घाई त्याने कमी होते आणि जबाबदारीचा प्रश्न मात्र सुटत नाही.

बायकांना बोलते करण्यासाठी स्वतंत्र गट करावा लागला तर करावा. वेचणीचा दर किलोवर ठरतो, माप कोण करते, निंदणाची मजुरी पुरुषाच्या रोजापेक्षा किती कमी, हे आकडे त्यांच्याकडे असतात आणि मिश्र सभेत ते बाहेर येत नाहीत. वेळ हेच चलन असते तर पहाटेच्या पाण्यापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंतचा वेळ कोणाच्या हातावर जमा झाला असता, या एका प्रश्नावर अर्धा तास सहज जातो.

चित्रपटाचीही तपासणी

हे चित्रपट अन्यायाविरुद्ध आहेत म्हणून ते निर्दोष ठरत नाहीत. ‘मेट्रोपोलिस’चा शेवट मालक आणि मजूर यांच्या हस्तांदोलनाने होतो आणि डोके व हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी असे सांगितले जाते. पुढे स्वतः लांग यांना हा शेवट मान्य राहिला नाही. पटकथा लिहिणाऱ्या टेआ फॉन हार्बू नंतर नाझी पक्षात गेल्या आणि लांग यांनी १९३३ साली जर्मनी सोडली. मजुरी, पाळीचे तास, यंत्राची मालकी यांतले शेवटी काय बदलले, असे प्रेक्षकांना विचारावे. उत्तर लगेच येते. ‘डिस्ट्रिक्ट नाइन’ने वंशभेदावर बोट ठेवताना नायजेरियन माणसांना गुंड आणि नरभक्षक दाखवले आणि नायजेरियाच्या सरकारने त्याला हरकत घेतली. अन्याय दाखवणाऱ्याच्या नजरेतही कोणीतरी पायाच्या जागी असू शकतो, हे यातून दिसते.

बहुतेक कथा एका नायकावर संपतात, आणि गावातील तरुणांना नेमके तेच आवडते. त्यासाठी ‘स्नोपिअर्सर’च्या शेवटाकडे परत यावे, जिथे उघड होते की बंड स्वतःच मालकाने घडवून आणलेले होते, शेपटीची संख्या कमी करण्यासाठी. ‘एलिझियम’मध्ये तर संगणकातील एक नोंद बदलताच पृथ्वीवरचे सगळे नागरिक ठरतात आणि यंत्रे मदतीला धावतात. हे फार सोपे केले आहे, परंतु नोंदीचा मुद्दा खरा आहे. रेशनकार्ड, जॉबकार्ड, सातबारा, वनहक्काचा दावा आणि घरकुलाची यादी यांत नाव असणे आणि नसणे यांतला फरक गावाला माहीत असतो. सावकाराच्या ताब्यात गेलेल्या जमिनीविषयी कोणी बोलले, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो ही माहिती त्या व्यक्तीला सभेत न देता नंतर बाजूला घेऊन द्यावी.

चर्चेची वही ठेवावी, पण तिच्यात बोलणाऱ्याचे नाव लिहू नये आणि मोबाइलवर चित्रीकरण करू देऊ नये. सालदाराचे पुढचे साल पाडव्याला ठरते, आणि त्याने फवारणीविषयी काय सांगितले ते तोपर्यंत कोणाच्या तरी फोनमधून मालकापर्यंत पोहोचलेले असू शकते. वहीत फक्त प्रश्न आणि आकडे लिहावेत: वेचणीचा दर, व्याजाचा दर, सही घेतलेल्या कागदाचे नाव. पुढचा चित्रपट निवडण्यासाठी ज्या वस्तीतून सर्वांत कमी माणसे आली होती तिथे ही वही घेऊन जावे, तिथे ती वाचून दाखवावी आणि पडदा तिथेच लावायचा का हे विचारावे.